प्रयोगानंतर खुर्चीवर राहिलेला कागद: हौशी नाटकांची पत्रकं आणि पोस्टरं जमवू पाहणाऱ्यांसाठी

राज्य नाट्य स्पर्धेतला प्रयोग संपला की नेपथ्य लगेच उतरवायला घेतात, कारण उद्या त्याच रंगमंचावर दुसऱ्या संस्थेचं नाटक असतं. प्रेक्षकांतले निम्मे कलाकारांचे आप्त. ते मेकअपरूमकडे फोटो काढायला धावलेले असतात. मागे खुर्च्यांवर, खुर्च्यांखाली चार पानी पत्रकं पडलेली असतात. कुणी त्यात शेंगांची टरफलं गुंडाळून ठेवलेली, कुणी त्यानेच दोन अंक वारा घेतलेला. सकाळी झाडू फिरतो आणि त्या नाटकाची बहुधा एकुलती एक छापील खूण केरात जाते.

व्यावसायिक नाटकाचं असं होत नाही. त्याच्या जाहिराती वर्तमानपत्रांत येतात, परीक्षणं येतात, नाटक गाजलं तर पुस्तक निघतं. हौशी नाटकाचा प्रयोग एक, फार तर दोन-चार. संहिता झेरॉक्सच्या प्रतींवर फिरते आणि तिथेच संपते. दुसऱ्या अंकात पाच मिनिटांसाठी येणारा पोस्टमन कुणी केला होता, हे सांगणारा कागद म्हणजे त्या संध्याकाळचं पत्रक. मी सांगलीत राहून हे कागद जमवतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने काय करावं ते माझ्या चुकांसकट सांगतो.

सुरुवात आजपासून, १८४३ पासून नव्हे

नवा माणूस आधी जुनं शोधायला निघतो. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, ते पहिलं मराठी नाटक मानतात, म्हणून आमच्याकडे येणारे लोक हमखास विचारतात, त्या काळातलं काही मिळेल का हो? असं विचारणाऱ्या एका मुलाला मी त्याच संध्याकाळी एका एकांकिका स्पर्धेला नेलं. परत निघालो तेव्हा त्याच्या पिशवीत सात संस्थांचे सात कागद होते. फुकट, कोरे करकरीत, आणि त्यातल्या प्रत्येक नावाला त्याने प्रत्यक्ष रंगमंचावर पाहिलेलं. जुन्या कागदाबद्दल तुम्हाला हे कधीच म्हणता येणार नाही.

म्हणून पहिलं काम आवाका ठरवण्याचं. ‘मराठी हौशी रंगभूमी’ हा आवाका नव्हे, त्याला घर पुरणार नाही. एक तालुका घ्या. किंवा राज्य नाट्य स्पर्धेचं तुमच्या गावचं केंद्र, एखादं कॉलेज, तुमच्या पेठेतलं गणेश मंडळ, कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धेत उतरणारी एखाद्या कारखान्याची टीम. पुण्यात असाल तर महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. ती एकटी धरली तरी जन्म पुरेल. गोव्यात असाल तर कला अकादमीची नाट्यस्पर्धा आहेच, पण त्याहून मौज देवळांच्या जत्रांत होणाऱ्या गावच्या नाटकांत आहे. इंदूर, बडोदा, लंडन किंवा सिंगापूरच्या महाराष्ट्र मंडळात वावरत असाल तर तुमच्या मंडळाचं गणेशोत्सवातलं नाटक तुमच्याशिवाय कुणी जमवणार नाही, एवढं धरून चाला.

कशाला काय म्हणतात

हे शब्द नीट माहीत असले की मागताना अडत नाही. प्रयोगाआधी गावात वाटतात ते हँडबिल. दारात हातात ठेवतात ते पत्रक, ज्यात श्रेयनामावली असते. संस्थेच्या रौप्यमहोत्सवाला निघते ती स्मरणिका. फुकट पास म्हणजे सन्मानिका, आणि पैसे घेऊन देतात त्याच्यावर बऱ्याचदा ‘तिकीट’ न लिहिता ‘देणगी प्रवेशिका’ लिहिलेलं असतं. पोस्टरला पोस्टरच म्हणतात. ‘भित्तिपत्रक’ मागितलंत तर समोरचा दोन सेकंद थांबतो.

यातलं सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे देणगी प्रवेशिका. लोक फाडून खिशात घालतात आणि शर्ट धुवायला टाकतात. पण प्रयोगाचा दर, वेळ आणि ठिकाण एकत्र तिच्यावरच मिळतं. स्मरणिका हाती आली तर तिच्यातल्या जाहिरातींची पानं काढू नका. सराफ, खतांचं दुकान, सहकारी बँक आणि ‘एक हितचिंतक’ यांच्या शुभेच्छा वाचल्या की नाटकाला पैसे कुणी दिले ते कळतं. मी सुरुवातीला ‘फाइल हलकी करायची’ म्हणून तीन स्मरणिकांतली पानं काढून रद्दीत दिली होती. आठवलं की अजून स्वतःचा राग येतो.

मागायचं कसं

प्रयोगाला वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. दाराशी टेबल टाकून बसलेला माणूस बहुतेक वेळा संस्थेचा कार्यवाह असतो. त्याला सांगा, ‘मी पत्रकं जमवतो, मला दोन प्रती द्याल का?’ दोन का, ते पुढे सांगतो. नाही म्हणणारा मला आजवर भेटला नाही. उलट बऱ्याच जणांनी आतून जुन्या नाटकांच्या उरलेल्या प्रती आणून दिल्या. संस्थेच्या ट्रंकेत ड्रेपरीखाली, म्हणजे नाटकाच्या कपड्यांखाली, दाढीमिशांच्या डब्याशेजारी असे गठ्ठे असतात.

भिंतीवरचं पोस्टर प्रयोग होईपर्यंत काढायचं नाही. हे सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं. प्रयोगानंतरही ते ओढून काढू नका. खळीने चिकटवलेला कागद फाटतोच. त्यापेक्षा न लावलेली एक प्रत मागून घ्या.

जुन्या कागदांचे रस्ते वेगळे. पहिला रस्ता रद्दीवाला. त्याला ‘नाटकाचे कागद’ एवढंच सांगून भागत नाही, एक नमुना दाखवावा लागतो. दुसरा, छापखाना. खिळे जुळवून छापणाऱ्या जुन्या प्रेसमध्ये केलेल्या कामाची एकेक प्रत तारेत ओवून ठेवायची पद्धत होती. लग्नपत्रिका आणि निधनाच्या पत्रांच्या मध्येच एखादं पिवळं पडलेलं हँडबिल सापडतं. पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात नशीब काढायला जाता येतं, पण तिथे मला नाटकाच्या कागदांपेक्षा सिनेमाचेच जास्त मिळाले.

तिसरा रस्ता घरांचा. तो सगळ्यात नाजूक. गावात ज्यांनी चाळीस वर्षं नाटकं केली त्यांच्या माळ्यावर सगळं असतं. काका-काकू हौसेने काढून दाखवतात आणि भरात ‘घेऊन जा’ म्हणतात. तिथे लगेच पिशवी उघडू नका. फोटो काढा, कागद परत ठेवा आणि दोन महिन्यांनी पुन्हा जा. तेव्हाही देतो म्हणाले, आणि घरातल्या मुलांनाही मान्य असेल, तर घ्या. माणूस गेल्यावर दहाव्या-बाराव्याच्या दिवसांत तर अजिबात मागू नये. एकदा मी त्या दिवसांत नुसता भेटायला गेलो तरी तिथल्या वहिनींना वाटलं, हा कागदांसाठीच आला.

पाठीमागे पेन्सिलीने काय लिहायचं

नवे लोक नेमकी हीच पायरी सोडतात. कागद जपणं अवघड नाही. त्या कागदावर जे छापलेलं नाही ते मिळवायला मात्र एकच रात्र असते.

घरी आल्यावर, झोपण्याआधी, मऊ पेन्सिलीने पत्रकाच्या मागे किंवा वेगळ्या चिठ्ठीवर या गोष्टी लिहा: पूर्ण तारीख सालासकट, ठिकाण, कोणत्या स्पर्धेतला किंवा निमित्ताचा प्रयोग, पत्रक कुणाकडून मिळालं. त्यानंतर छापलेल्यात काय चुकलं आहे ते. हौशी नाटकाचं पत्रक आठ दिवस आधी छापायला जातं आणि त्या आठ दिवसांत एका नटाची कंपनी त्याला रात्रपाळी लावते. पत्रकात एक नाव असतं, रंगमंचावर भलताच माणूस उभा. निवेदक ‘आयत्या वेळी अमुक यांनी भूमिका स्वीकारली आहे’ असं सांगतो, ते हवेत विरतं. ते तुम्ही लिहिलं नाहीत तर पन्नास वर्षांनी तुमचा कागदच खोटं बोलेल.

पेन्सिलच का? बॉलपेनची शाई तेलकट असते, दुसऱ्या बाजूला उमटते, आणि जेलपेन पाणी लागलं की पसरतं. पेन्सिलही दाबून चालवू नका.

गावच्या यात्रेतल्या, कोकणात गणपती-शिमग्यातल्या हँडबिलांवर आणखी एक गोष्ट बघा. पुरुषांची नावं नुसती असतात, स्त्री भूमिका करणाऱ्यांच्या नावापुढे कंसात गावाचं नाव असतं: मिरज, कोल्हापूर, पुणे. गावातल्या बायका कामं करत नसत, म्हणून बाहेरून नट्या बोलवत. एका हंगामात एकच बाई पंधरा गावांत पंधरा नायिका उभ्या करायची. तालीम एक, नाहीतर दोन, आणि परतीची एसटी पहाटेची. या बायकांची नोंद नाट्यकोशांत शोधून मिळायची नाही. तीन तालुक्यांतली हँडबिलं शेजारी मांडली तर मात्र एकीचा अख्खा हंगाम समोर येतो, कुठून कुठे गेली त्यासकट. माझ्या संग्रहातला मला सगळ्यात मोलाचा भाग कुठला विचाराल तर हाच. दिसायला तो अगदी सुमार आहे, गुलाबी आणि हिरव्या हलक्या कागदावरची एकरंगी छपाई.

साल नसलेल्या कागदाचं साल काढणं

हँडबिलवर ‘शनिवार दि. १६ डिसेंबर रोजी रात्रौ ठीक ९॥ वाजता’ असतं, साल नसतं. ज्याला गावात वाटायचं त्याला साल माहीतच होतं. इथे गुप्तहेरी सुरू होते.

आधी वार आणि तारीख जुळवा. १९६१ ते १९९५ या काळात १६ डिसेंबरला शनिवार १९६१, १९६७, १९७२, १९७८, १९८९ आणि १९९५ मध्ये आला. एका झटक्यात पस्तीस वर्षांची सहा झाली. (यातल्या १९७२ च्या शनिवारी पुण्यात भरत नाट्य मंदिरात पीडीएने (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग केला. तेही मूळचं हौशी संस्थेचंच नाटक.)

मग बाकीच्या खुणा. तिकिटाचा दर आण्यांत असेल तर कागद बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, ‘न. पै.’ असेल तर त्यानंतरचा आणि साधारण १९६४ पर्यंतचा, कारण त्या वर्षी पैशातला ‘नया’ गळला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. याचं उलट मात्र खरं धरू नका: ‘पुणे ३०’ असा नुसता विभागाचा आकडा लोक आजही लिहितात, त्यावरून कागद जुना ठरत नाही. जिल्ह्यांची नावं फार उपयोगी. ‘सावंतवाडी, जि. रत्नागिरी’ म्हणजे सिंधुदुर्ग वेगळा होण्याआधीचा, १ मे १९८१ च्या अलीकडचा नव्हे. ‘वडसा, जि. चंद्रपूर’ म्हणजे ऑगस्ट १९८२ आधीचा, कारण तेव्हा गडचिरोली जिल्हा झाला. प्रयोग बालगंधर्व रंगमंदिरात असेल तर जून १९६८ नंतरचा, ठाण्याच्या गडकरी रंगायतनात असेल तर १९७८ पासून पुढचा.

एका खुणेवर विसंबू नका. छापखान्यात संस्थेच्या नावापत्त्याचा ब्लॉक एकदा केला की तो वर्षानुवर्षं तसाच वापरत, जिल्हा बदलला तरी. निदान दोन खुणा जुळल्या तर साल लिहा, तेही ‘अंदाजे’ म्हणून.

वडशाचं नाव निघालंच आहे तर, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीकडचे असाल तर तुम्ही भाग्यवान. दिवाळीनंतर सुरू होणारा तो हंगाम, मंडईची (म्हणजे तिथल्या गावजत्रेची) आणि शंकरपटाची (बैलांच्या शर्यतींची) नाटकं, रात्रभर चालणारे प्रयोग, आणि भडक रंगांची पोस्टरं. तिथे हौशी कुठे संपतं आणि धंदेवाईक कुठे सुरू होतं हे ठरवत बसू नका. दोन्ही जमवा.

जपणूक, आणि पुराने शिकवलेलं

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आमच्या गावभागात घरात शिरलं. माझी खोकी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात होती, जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून. मला वाटलं होतं, प्लॅस्टिकमध्ये आहे, काय होणार. पाणी गाठीतून आत गेलं आणि ते बाहेर यायला मात्र जागा नव्हती. आठवड्याने पिशव्या उघडल्या तेव्हा वास आधी आला.

त्या गोंधळातून जे कळलं ते असं. सायक्लोस्टाइलची, म्हणजे स्टेन्सिलवरून काढलेली हलक्या कागदावरची पत्रकं, ज्यांची मला सगळ्यात जास्त काळजी होती, ती वाचली. ती शाई तेलाची, पाण्याला बधली नाही. लेटरप्रेसची, म्हणजे खिळ्यांनी छापलेली हँडबिलंही तगली, फक्त रंगीत कागदाचा रंग शेजाऱ्याला लागला. स्केचपेनने रंगवलेली कॉलेजची निमंत्रणं आणि घरच्या इंकजेटवर छापलेली पत्रकं धुऊन गेली. आणि गुळगुळीत आर्ट पेपरच्या महागड्या स्मरणिका वाळल्यावर अक्षरशः विटा झाल्या. त्या कागदावरचा लेप ओला असताना पानं एकमेकांना चिकटवतो, वाळल्यावर ती सुटत नाहीत.

म्हणून आर्ट पेपर भिजला तर तो वाळू द्यायच्या आत पानं वेगळी करा, मध्ये कोरे पांढरे कागद घाला, ते ओले झाले की बदला. वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई उतरते. एवढं सगळं लगेच जमणार नसेल तर ओले कागद पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये टाका. थंडीत बुरशी थांबते आणि तुम्हाला सवडीने एकेक काढता येतो. घरच्यांशी भांडण होईल, ते होऊ द्या. उन्हात वाळत घालू नका, इस्त्री तर मुळीच नको.

बाकी रोजचं सांगतो. खालचा खण, बाहेरची भिंत आणि बाथरूमशेजारचं कपाट टाळा. स्टेपलच्या पिना आणि टाचण्या काढा, आपल्या पावसाळ्यात त्या दोन वर्षांत गंजतात आणि तांबडा डाग कायमचा राहतो. सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या फाइली शाई ओढून घेतात, त्याऐवजी पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या, किंवा साधे आम्लविरहित कागदाचे लखोटे वापरा. ते गावात मिळत नाहीत, मागवावे लागतात. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला ठेवायची आपली जुनी सवय आहे. माझा त्यावर विश्वास नाही, चुरा होऊन डाग पडतात. त्यापेक्षा दर दोन महिन्यांनी खोकं उघडून वारा द्या आणि प्रत्येक कागद हातात घ्या.

पोस्टरं घडी घालून ठेवू नका, घडीवर ती तुटतात. पुठ्ठ्याच्या दोन तावांमध्ये सपाट ठेवून पलंगाखाली सरकवा. पलंगाखाली म्हणजे जमिनीवर नव्हे, खाली लाकडी फळी हवी, वाळवी आणि पूर दोघंही तळमजल्याचे पाहुणे. फ्लेक्स घरी आणू नका. दहा बाय आठचा फ्लेक्स चार उन्हाळ्यांत स्वतःलाच चिकटतो. त्याचा लावलेल्या जागी, भोवतालच्या चौकासकट फोटो घ्या. मला तर तो फोटो फ्लेक्सपेक्षा बरा वाटतो.

थर्मल कागदावरची तिकिटं, ती गुळगुळीत, मशीनमधून निघणारी, आली त्याच दिवशी स्कॅन करा. वर्ष-दोन वर्षांत कोरी होतात.

आता दोन प्रती का, ते. एक तुमच्या घरात, दुसरी दुसऱ्याच्या. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं ते आम्ही इथून बातम्यांत पाहिलं, आणि त्या आठवड्यात मी माझ्या दुसऱ्या प्रतींचं खोकं उचलून विट्याला बहिणीकडे नेऊन ठेवलं.

फोनमध्ये येणारी पोस्टरं

आता बऱ्याच संस्था काही छापतच नाहीत. पोस्टर व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, पुढे ढकललं जातं, आणि प्रत्येक ढकलीला अंधुक होतं. ज्याने डिझाइन केलं त्यालाच गाठा आणि सांगा, ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव, फोटो म्हणून नको.’ शक्यतो पीडीएफ मागा. डिझायनर मूळ कोरलड्रॉची फाइल देऊ करेल, पण जुन्या मराठी फॉन्टांत केलेली फाइल तुमच्या संगणकावर उघडली तर श्रेयनामावलीच्या जागी नुसती गिचमीड दिसते. कार्यशाळेतलं, तालमीतलं आणि शेवटचं अशी एकाच नाटकाची तीन पोस्टरं असतील तर तिन्ही ठेवा. कुणाचं नाव कधी आलं, कधी गेलं, ते तिथे दिसतं.

छापील कागद स्कॅन करायचे तर ३०० डीपीआय पुरतं, प्रवेशिकेसारखे छोटे कागद ६०० ला करा. मागची बाजूही करा, तुमची पेन्सिल तिथेच आहे. फाइलच्या नावात आधी साल, मग महिना, तारीख, गाव आणि नाटक, म्हणजे यादी आपोआप काळाने लागते.

स्कॅन इंटरनेटवर टाकणार असाल तर जुन्या पत्रकांवरचे घरचे पत्ते आणि फोन नंबर झाका. आणि कागद तुमचा झाला तरी त्यावरचं चित्र तुमचं होत नाही. भारतात कलाकृतीचा हक्क कलाकाराच्या हयातीनंतरही साठ वर्षं राहतो. हौशी नाटकाची पोस्टरं करणारा चित्रकला शिक्षक बहुधा त्याच गावात असतो. जाऊन विचारा. त्या निमित्ताने त्याच्याकडचीही बाहेर निघतात.

नोंदवही

साधी दोनशे पानी वही किंवा एक्सेल, काहीही चालेल. अनुक्रमांक, तारीख, नाटक, लेखक, संस्था, ठिकाण, कागदाचा प्रकार, कुणी दिला. आठ रकाने पुरे. मी हौसेने तेवीस रकाने आखले होते, सहाव्या पानानंतर एकही भरला गेला नाही. ‘कुणी दिला’ हा रकाना मात्र कधी रिकामा ठेवू नका. त्या माणसाला पुढे पाच वेळा फोन करावा लागतो.

आणखी एक काम पहिल्याच खोक्यापाशी करून टाका. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा आणि तुमच्यानंतर हे कुणाकडे जावं ते लिहा: भाचीकडे, गावच्या वाचनालयाकडे, की एखाद्या नाट्यसंस्थेकडे. संस्थेचं नाव लिहाल तर तिथे जाऊन आधी विचारून या, त्यांच्याकडे कोरडं कपाट आहे का. माझ्या झाकणावरचं नाव मी दोनदा खोडलंय. सध्या तिथे त्या सात कागदवाल्या मुलाचं आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही.